पाठीला टेकू

त्र्यंबक रोडच्या शोरूममध्ये दोन गाड्या उभ्या आहेत,
एक काळी, एक पिकल्या जांभळाच्या रंगाची,
आणि दिगंबर त्यांच्याभोवती फिरतोय
मुलगी बघायला आल्यासारखा.
मला बघायला आला होता तेव्हा
इतका वेळ घेतला नव्हता त्याने.

जन्मभर नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या,
आता स्वतःच्या फंडाला हात लावताना बोटं कापतात.
साईराज नावाचा पोरगा
टॉर्क सांगतो, मायलेज सांगतो,
हप्ता तेवढा हळू आवाजात.
सगळं बोलणं हँडलच्या बाजूला चाललंय.
मागच्या सीटबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

तिथे मी बसणार आहे.

तेहतीस वर्षं तिथेच बसलेय.
साडीत, एका अंगाला पाय सोडून,
त्यामुळे शहर मला फक्त डावीकडचं माहीत:
जाताना एक नाशिक, येताना दुसरं.
सगळा संसार त्याच्या उजव्या कानात ओतला,
गॅस संपत आलाय,
स्वरालीची फी भरायचीय,
नणंदेचा फोन आला होता.
मान हलायची त्याची,
होकाराने की खड्ड्याने, कधी कळलं नाही.

आता सलवार घालून दोन्हीकडे पाय टाकते.
डॉक्टर पिंगळेबाई म्हणाल्या,
चौथा मणका आणि पाचवा मणका
एकमेकांशी नीट वागत नाहीत.
मी म्हटलं, शेजारी आहेत, चालायचंच.

आधी काळी.
मागची सीट म्हणजे पाटच, तोही उतरता.
एबीबी सर्कलला सिग्नल पडला
आणि मी घसरत थेट त्याच्या पाठीवर.
पुढच्या गतिरोधकाला पुन्हा.
त्याचे कान लाल झालेले मागून दिसले मला.
ब्रेक मारायची गरज नव्हती
तिथेही मारला एकदा.

मग जांभळी.
रुंद सीट, मागे टेकायला गादी,
पाय असे पुढे की गुडघ्यांनी तक्रार काढली नाही,
सायलेन्सरची धग पोटरीला नाही.
पपया नर्सरी मागे पडली, रस्ता मोकळा झाला,
आणि मणके, दोघेही, गप्प.
समोर अंजनेरीचा डोंगर,
पहिल्यांदाच पूर्ण, दोन्ही बाजूंनी.
आमच्या दोघांत मात्र वीतभर हवा.
मी काहीतरी म्हणाले, वाऱ्याने नेलं.
काय? तो ओरडला.
काही नाही, मी ओरडले.

परत येऊन हेल्मेट काढता काढता म्हणाला,
काळी घेऊ. चाळीस हजारांनी स्वस्त आहे.
आणि मग, साईराजसमोर, बुटांकडे बघत,
तीवर तू जवळ असतेस.

तेहतीस वर्षांत पहिल्यांदा असं काही बोलला,
तेही अशा दिवशी
की मला नाही म्हणायचं होतं.

जांभळी, मी म्हटलं.
अगं, बोलता नाही येणार तिच्यावर.
मग थांबव ना गाडी.
बोलायचं असलं की थांबायचं.

साईराज फॉर्म शोधायला आत गेला
आणि बराच वेळ आलाच नाही. शहाणा पोरगा.

गुरुवारी गाडी मिळाली. हार, नारळ, लिंबू.
बेळगाव ढग्याच्या फाट्यापाशी
त्याने अचानक कडेला घेतली,
स्टँड लावला, हेल्मेट काढलं.
काही म्हणालीस?

मी काहीच म्हणाले नव्हते.
इंजिन टिकटिक करत निवत होतं.
कुणाच्या तरी बागेतला फवारणीचा वास येत होता.
तो वाट बघत उभा,
मान अजिबात न हलवता.

मग मला आठवलं,
सांगायचं राहिलं होतं एक,
दोन हजार अकरा सालचं.